बावीस मिनिटं

थंड असताना त्याची काहीच तक्रार नसते.
पहिल्या हाकेला उठतो करडा फर्ग्युसन,
खोकतो, धूर टाकतो,
आणि खालच्या कुरणात शहाण्या मुलासारखा
गवत उलथायला लागतो.
मग अंगात ऊब धरली की
बावीस मिनिटांनी (घड्याळ लावून मोजलंय मी)
एक उचकी, दुसरी,
आणि मान टाकतो.

जुलैतही स्वेटर घालून फिरणाऱ्या या देशात
यालाच तेवढं उकडतं.

स्टेइनार म्हणाला, पेट्रोल पोचत नसणार.
गाळाची काचेची वाटी उघडली:
थेंबभर पाणी, गंजाची चिमूट, एक चिलट.
पुसून बसवली. धार अखंड, कुठे तुटत नव्हती.
बावीस मिनिटं.

मग टाकीचं झाकण.
त्याचं भोक बुजलं की टाकी आतल्या आत गुदमरते,
हे बाबांनी शिकवलेलं.
झाकण सैल सोडलं,
कुरणभर पेट्रोलचा वास.
बावीस.

कुंपणापलीकडून आउस्ब्योर्न आला, हात खिशात.
कार्बोरेटर, म्हणाला.
त्याच्या मते जगातलं सगळंच कार्बोरेटरमुळे बिघडतं,
त्याच्या संसारासकट.
तोही उघडला. जेट फुंकले, ओठ काळे झाले.
एकवीस.

रेडिओवर सांगत होते, उद्या दुपारपासून पाऊस,
आठवडाभर.
गवत एका कुशीवर वाळलेलं, दुसऱ्या कुशीवर ओलं.
आणि आम्ही भाऊबहीण वसंतापासून
कामापुरतंच बोलतो आहोत,
पण ते इथे नको.

मी म्हटलं, बंद पडेल त्याच क्षणी बघायला हवं,
निवल्यावर सगळेच शहाणे.
पडला. धावले. प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला,
स्टेइनारनं स्टार्टर मारला:
निळी ठिणगी हवी, तिथे पिवळट काहीतरी,
परीक्षेत नापास झालेल्या मुलानं
बापाला उत्तर द्यावं तसं.
कॉइलला हात लावला
आणि बोटं चोखत बसले.

अकुरेरीच्या दुकानातली बाई फोनवर म्हणाली, गुरुवारी.
तो सोमवार होता,
सोमवारची रात्र, म्हणजे रात्र नव्हेच,
सूर्य डोंगराच्या कडेला कोपर टेकून बसलेला.

मी डावा बूट काढला.
लोकरीचा मोजा, टाचेला दोनदा रफू केलेला,
ओढ्यात बुडवला. कालचं बर्फ ते.
तारांची टोकं कोरडी राखून
कॉइलभोवती गुंडाळला.
चुर्र झालं.
स्टेइनार हसला नाही. हसू नये म्हणून
तो सीटचा पत्रा पुसत राहिला.

वीस. एकवीस. बावीस.
तेवीस.
चाळीस.

मग प्रत्येक फेरीला ओढ्याकाठी मी किटली घेऊन उभी,
एक पाय बुटात उघडाच, गार ठिक्कर;
तो वेग कमी करायचा, थांबायचा नाही,
मी चालता चालता मोज्यावर पाणी ओतायचे,
तो पुढे जायचा.
एवढंच. अशा किती फेऱ्या, मोजल्या नाहीत.
पक्षी एकदाही झोपले नाहीत.

तीनच्या सुमारास मोजा विरला, बोट आत जाईल इतकं भोक.
क्लच दाबून धरत त्यानं
एका हातानं आपला उजवा बूट ओढून काढला,
मोजा माझ्याकडे फेकला.
हा जाड आहे, म्हणाला.

पाऊस दोनला आला, सांगितल्यापेक्षा उशिरा.
तोवर गवत कोठारात.

गुरुवारी कॉइल आली. खोका खिडकीत तसाच आहे,
ट्रॅक्टरला काम नाही, बाहेर नुसतं पाणी.
दोरीवर दोन मोजे, एक माझा एक त्याचा,
तीनदा धुऊनही पेट्रोलचा वास.

काल जेवताना त्यानं जमिनीचा विषय काढला.
मी बटाटा सोलता सोलता
घड्याळाकडे बघितलं.